देशांतर्गत विमानप्रवासाचं ओळखपत्र: कार्ड पर्समध्ये असतं, घोळ नावात असतो

गेटवरच्या जवानाने आधी तिकीट पाहिलं, मग आधार कार्ड, मग काकूकडे आणि पुन्हा तिकिटाकडे. "नाम अलग है, माताजी." तिकिटावर मनीषा होतं, आधारवर मंगल. आडनाव तेच, वय तेच, फोटोही तिचाच. पण काकूचं माहेरचं नाव मंगल. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि तेव्हापासून सासरी, सोसायटीत, भिशीत, आहेराच्या पाकिटांवर ती मनीषा. आधार काढताना मात्र कुणीतरी शाळेचा दाखला पुढे केला होता. घरातली सगळी तिकिटं काढायचं काम माझ्याकडे असतं, आणि तिचं नाव कार्डावर वेगळं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कार्ड बघायला मागितलं नाही, ही चूक सरळ माझीच.

काकूने पिशवीतून पतसंस्थेचं पासबुक काढलं. त्यावर फोटो होता, शिक्का होता, मनीषा हे नावही होतं. जवानाने ते नम्रपणे परत केलं. विमान कंपनीच्या काउंटरवर उत्तर मिळालं की अक्षर चुकलं असतं तर दुरुस्त करून दिलं असतं. पूर्ण नाव बदलणं म्हणजे दुसरा प्रवासी, आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. शेवटी संध्याकाळच्या विमानाचं नवं तिकीट, जवळपास तिप्पट पैशात. काकू बाकावर बसून गुळपोळीचा डबा उघडत म्हणाली, "इतक्या वर्षांत मला मंगल म्हणून कुणी हाक मारली नव्हती. आज पोलिसाने मारली."

तेव्हापासून मी कुणाचंही तिकीट काढायच्या आधी एकच गोष्ट मागतो: जे कार्ड घेऊन जाणार आहात त्याचा फोटो पाठवा. नाव सांगू नका, फोटो पाठवा. खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या दिवसाचं व्याज आहे.

कोण बघतं आणि कुठे

देशातल्या विमानतळांच्या सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्यूरो ठरवते. गेटवर ते अंमलात आणतात ते बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान. विमान कंपनीचा माणूस त्यानंतर भेटतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण गेटवरच्या जवानाशी "कंपनीने तर चालेल सांगितलं होतं" असा वाद घालून काही होत नाही. नाव दुरुस्त करायचा अधिकार कंपनीकडे आहे आणि आत सोडायचा अधिकार जवानाकडे. दोघांचं काम वेगळं.

पहिली तपासणी इमारतीच्या दारात. तिथे चार गोष्टी जुळाव्या लागतात: नाव, तारीख, विमानाचा क्रमांक आणि टर्मिनल. मुंबईत टी-वन आणि टी-टू यांच्यामध्ये बरंच अंतर आहे, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तेव्हा 'मुंबई' एवढं वाचून टॅक्सी करू नका. सामान देताना काउंटरवर ओळखपत्र पुन्हा विचारू शकतात. विमानात चढण्याच्या गेटवरही बोर्डिंग पासबरोबर कार्ड मागतात. म्हणून पहिल्या दारात दाखवलेलं कार्ड चेक-इनच्या बॅगेत कोंबू नका. मी हे करणारा माणूस प्रत्यक्ष पाहिलाय. बॅग पट्ट्यावरून पुढे निघून गेली आणि तो तिच्याकडे बघत उभा.

कोणती ओळखपत्रं चालतात

ब्यूरोने २०१७ साली यादी स्पष्ट केली आणि गेटवरचा रोजचा गोंधळ बराच कमी झाला. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा मोबाइलमधलं एमआधार, पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीचं ओळखपत्र, विद्यार्थ्याचं ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटोसह पासबुक, फोटो असलेलं पेन्शनचं कार्ड किंवा कागद, आणि अपंगत्वाचं फोटो असलेलं ओळखपत्र किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र. यांपैकी कुठलंही एक पुरतं. आधारच हवं असा नियम नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे आधार हरवलं की माणूस विमानाचं तिकीटच रद्द करायला निघतो.

यादीत काय नाही तेही बघा. रेशन कार्ड नाही. पतसंस्थेचं किंवा सहकारी बँकेचं पासबुक नाही. पासबुक राष्ट्रीयीकृत बँकेचंच लागतं. महाराष्ट्रात गावोगावी सहकारी बँका आहेत आणि ज्येष्ठांना त्या पासबुकाचा फार भरवसा असतो, पण विमानतळाच्या दारात तो चालत नाही. सरपंच, नगरसेवक, आमदार यांच्या सहीचा रहिवासी दाखलाही यादीत नाही. क्लबचं, देवस्थानाचं, जिमचं कार्ड तर सोडाच.

नोकरीच्या आणि कॉलेजच्या ओळखपत्रांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. यादीत ती आहेत, पण कुणी दिलेलं कार्ड ग्राह्य धरायचं यावरून दारात चर्चा होऊ शकते. छोट्या कंपनीचं कार्ड, तेही नुसत्या प्लॅस्टिकवर छापलेलं आणि मागे सही नसलेलं, एवढ्यावर भिस्त ठेवून पहाटे पाचला दारात उभं राहू नये.

दुसरी गोष्ट मुदतीची. पासपोर्ट आणि लायसन्स यांची मुदत संपते. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र यांची संपत नाही. मुदत संपलेला पासपोर्ट दाखवून "फोटो तर माझाच आहे" असं म्हणण्यात अर्थ नाही. घरातल्या ज्येष्ठांची लायसन्सं एकदा काढून बघा. गाडी सोडून दहा वर्षं झालेल्या माणसाचं लायसन्सही बहुधा तेव्हाच संपलेलं असतं.

आणि कागद मूळ लागतो. झेरॉक्स चालत नाही, मग ती रंगीत असो, लॅमिनेट केलेली असो किंवा कुणाच्या सही-शिक्क्याची असो. व्हॉट्सॲपवर आलेला कार्डाचा फोटो म्हणजेही झेरॉक्सच.

माझी पद्धत अशी: प्रत्येकाकडे दोन कार्डं, दोन वेगळ्या जागी. एक पाकिटात, एक हातातल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात. सहसा आधार आणि पॅन. पाकीट गेलं तरी परतीचा प्रवास अडत नाही.

तिकिटावर नाव कसं घालायचं

इथे जरा थांबू, कारण बहुतेक भानगडी इथेच होतात, आणि त्यातल्या निम्म्या खास आपल्या मराठी नावांच्या आहेत.

आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. सरकारी कागदांवर ते कधी 'संतोष विठ्ठल जाधव' असं येतं, तर कधी 'जाधव संतोष विठ्ठल' असं. तिकिटाच्या फॉर्मवर मात्र दोनच रकाने: पहिलं नाव आणि शेवटचं नाव. कार्ड समोर धरून डावीकडून उजवीकडे टाइप करत गेलात तर पहिलं नाव जाधव आणि आडनाव विठ्ठल होतं. तीन शब्द तेच आहेत हे बघून गेटवरचा जवान समजूनही घेईल. पण डिजीयात्रेचं, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारं यंत्र किंवा पुढे जोडून घेतलेलं आंतरराष्ट्रीय तिकीट समजून घेईलच असं नाही.

साधा नियम: पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव, शेवटच्या रकान्यात आडनाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळलं तर देशांतर्गत प्रवासात सहसा कुणी अडवत नाही. घालायचंच असेल तर ते पहिल्या रकान्यात, स्वतःच्या नावानंतर. छापील तिकिटावर ते 'संतोषविठ्ठल' असं एकत्र चिकटून येतं. त्याने घाबरू नका, कंपन्यांची जुनी यंत्रणा जागा सोडत नाही. मात्र आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आणि आडनाव कुठेच नाही, असं तिकीट लगेच दुरुस्त करून घ्या.

ज्यांच्या कार्डावर एकच शब्द आहे, नुसतं 'लक्ष्मीबाई' असं, त्यांच्यासाठी बऱ्याच कंपन्या तोच शब्द दोन्ही रकान्यांत घालायला सांगतात. तिकीट काढण्याआधी त्या कंपनीची सूचना वाचा, कारण सगळ्यांची रीत सारखी नाही.

आता स्पेलिंग. गेटवर देवनागरी कुणी वाचत बसत नाही. जुळवायची असतात ती इंग्रजी अक्षरं. ज्ञानेश्वर आपण डी-एन-वायने लिहितो, आणि दिल्लीत बसून फॉर्म भरणारा तेच जी-वायने लिहितो. वाघमारे, वानखेडे डब्ल्यूने की व्हीने, दीपक डबल ईने की आयने, दत्तात्रय की दत्तात्रेय, शांता की शांताबाई, पुढे 'राव' आहे की नाही: हे सगळं कार्डावर जसं आहे तसंच उतरवा, चुकीचं असलं तरी. कार्डावर 'सुनीता'चं स्पेलिंग विनोदी असेल तर तिकिटावरही तेच विनोदी स्पेलिंग. शुद्धलेखनाचा आग्रह इथे धरू नका.

एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असेल तर जवान बहुधा फोटो, आडनाव बघतो आणि जाऊ देतो. पण ती त्याची मर्जी. तुमचा हक्क नाही.

लग्नानंतरच्या नावांचं दुखणं काकूच्या निमित्ताने आलंच आहे. बाईच्या हातात एकाच वेळी तीन नावांची कार्डं असू शकतात: पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या आडनावाचं, पासपोर्ट अजून जुनाच. यात बेकायदा काही नाही, आणि लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचंही नाही. प्रवासापुरता उपाय सोपा: कुठलं कार्ड नेणार ते आधी ठरवा आणि तिकीट त्याच नावाने काढा. जुन्या नावाचं तिकीट, नव्या नावाचं कार्ड आणि दुवा म्हणून विवाह प्रमाणपत्र असा संसार घेऊन दारात जायची वेळच आणू नका. विवाह प्रमाणपत्र यादीत नाही. ते दाखवून समजूत पटेलही, किंवा पटणार नाही.

कायमचा उपाय म्हणजे सगळी कार्डं एका नावावर आणणं. आधारमध्ये नाव सामान्यपणे दोनदाच बदलता येतं, तेव्हा लग्नाच्या उत्साहात घाई करू नका. पूर्ण नाव काय ठेवायचं ते ठरवून मगच अर्ज करा. आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र लागतं. काकूसारखं स्वतःचं नावच बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतलेला बरा, म्हणजे बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे तो एकच कागद उपयोगी पडतो. काकूने शेवटी उलटं केलं. तिने घरच्यांना सांगून टाकलं की कागदावर मी मंगलच, तिकिटं त्याच नावाने काढा.

चूक सापडली तर

तिकीट आल्याबरोबर, पैसे गेल्याचा मेसेज वाचायच्या आधी, नाव वाचा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं असेल आणि २४ तासांच्या आत कळवलं, तर त्याच माणसाच्या नावातली चूक दुरुस्त करायला कंपनीने जादा पैसे घ्यायचे नाहीत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. एजंटाकडून किंवा तिकिटांच्या ॲपवरून काढलं असेल तर आधी त्यांच्याच दारात जावं लागतं, आणि तिथे वेळही जातो, पैसेही जातात. नावाबद्दल जराही शंका असेल तर थेट कंपनीकडून तिकीट काढण्याचं हे एक मोठं कारण.

दुरुस्ती मागताना कार्डाचा फोटो जोडा आणि "स्पेलिंगची चूक" असा शब्द वापरा. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळ्या पीएनआरवर असेल तर दोन्ही दुरुस्त करून घ्या; माणसं जातानाचं करतात आणि येतानाचं विसरतात. वेब चेक-इन करण्याआधीच हे उरका. बोर्डिंग पास निघाल्यावर नावाला हात लावणं कंपनीच्या माणसालाही अवघड जातं.

मिस्टर-मिसेसही तपासा. विजय आणि विजया यांत इंग्रजीत एका अक्षराचा फरक, आणि फॉर्म भरणाऱ्याने मिस्टर निवडलं की आजी कागदोपत्री आजोबा होतात.

मोबाइलमधलं ओळखपत्र

एमआधार चालतं. डिजीलॉकरमध्ये, म्हणजे कागद ठेवायच्या सरकारी ॲपमध्ये, सरकारकडून थेट आलेलं लायसन्स किंवा पॅन हे कायद्याने मूळ कागदासारखंच मानलं जातं. इथे "थेट आलेलं" हे महत्त्वाचं: आपणच कार्डाचा फोटो काढून डिजीलॉकरमध्ये चढवला असेल तर तो फोटोच राहतो. जवानाला ॲप उघडून दाखवायचं असतं, गॅलरीतला स्क्रीनशॉट नाही.

ई-आधारची पीडीएफ उतरवून ठेवली असेल तर तिचा पासवर्ड पाठ हवा: आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्माचं साल. मंगल, जन्म १९५८, तर एम-ए-एन-जी आणि १९५८. मागे रांग उभी असताना हे आठवत नाही, म्हणून घरीच एकदा उघडून बघा. ओटीपी येतो तो आधारशी जोडलेल्या मोबाइलवर. वडिलांचं आधार मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबराशी जोडलेलं असण्याचे प्रकार घरोघरी आहेत.

एवढं असूनही ज्येष्ठांना मी मोबाइलवर सोडत नाही. बॅटरी संपते, नेट जातं, चष्मा बॅगेत असतो. त्यांच्या गळ्यात छोटी पाउच आणि त्यात प्लॅस्टिकचं कार्ड.

डिजीयात्रा

ही सोय १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी इथे सुरू झाली. पुढच्या टप्प्यात पुणे आलं, २०२३ च्या उत्तरार्धात मुंबई, आणि नंतर गोव्यासह इतर विमानतळ. दारात कार्ड दाखवण्याऐवजी कॅमेऱ्याकडे बघायचं आणि फाटक उघडतं.

घरी करायचं काम दहा मिनिटांचं. ॲप घ्या, मोबाइल नंबर टाका, डिजीलॉकरमार्फत आधार जोडा, सेल्फी काढा. प्रत्येक प्रवासाआधी वेब चेक-इन करून बोर्डिंग पास त्यात घाला आणि विमानतळाला पाठवा. हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात, मग डिजीयात्रेच्या रांगेत उभं राहून फाटकाशी झटापट करतात. आणि इथेही पुन्हा नाव: बोर्डिंग पासवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं नाही तर ॲप तो पास घेतच नाही. एका अर्थी बरंच आहे. चूक दारात कळण्यापेक्षा घरी सोफ्यावर कळते.

ही सोय ऐच्छिक आहे. नको असेल तर बाजूची नेहमीची रांग असतेच, आणि चेहरा देण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. माहिती आपल्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाच्या यंत्रणेतून उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असं ती चालवणारी संस्था सांगते. ज्यांना ते पटत नाही त्यांनी कार्ड दाखवावं, फार तर पाच-दहा मिनिटं जास्त जातात. डिजीयात्रा वापरणाऱ्यांनीही कार्ड जवळ ठेवायचंच. यंत्र बंद पडलं की सगळे पुन्हा जवानासमोर.

मुलं

आई-वडील किंवा पालक सोबत असतील आणि त्यांच्याकडे वैध ओळखपत्र असेल, तर अल्पवयीन मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही. पण मे महिन्यात नातवंडं आजी-आजोबांबरोबर जातात, आत्याबरोबर जातात. तेव्हा मुलाचं आधार सोबत द्या. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार निघतं. ते एकदा काढून ठेवलं की पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतं.

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि त्याचं भाडं कमी. तिथे प्रश्न ओळखीचा नसतो, वयाचा असतो, आणि तो कंपनीचा माणूस विचारतो. जन्मदाखला न्या. नसेल तर पूर्ण भाडं मागू शकतात. वय प्रवासाच्या दिवशी मोजतात: जाताना बाळ एक वर्ष अकरा महिन्यांचं आणि परत येईपर्यंत वाढदिवस होऊन गेला, तर परतीला त्याची स्वतंत्र सीट घ्यावी लागते.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला आहे. चार शब्दांचं ते नाव सगळंच्या सगळं तिकिटाच्या रकान्यात बसवायचा आटापिटा करू नका. बाळाचं नाव आणि आडनाव पुरे.

पाच ते बारा वर्षांचं मूल एकटं पाठवायचं असेल तर कंपनीकडे आधी नोंद करावी लागते. सोडणाऱ्याची आणि उतरल्यावर घेणाऱ्याची माहिती फॉर्मवर भरतात, आणि तिकडे घ्यायला जाणाऱ्याला स्वतःचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मूल ताब्यात देत नाहीत. फॉर्मवर मामाचं नाव लिहून ऐन वेळी मामीला पाठवलं तर मूल कंपनीच्या माणसाजवळ बसून राहतं.

सवलतीची तिकिटं, आणि परदेशातून आलेले

ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी, सैन्यदलातले लोक यांच्या सवलतीच्या भाड्यासाठी त्या सवलतीचा पुरावा लागतो. विद्यार्थ्याने आधार दाखवून गेट ओलांडलं तरी काउंटरवर कॉलेजचं ओळखपत्र मागतात. ते नसेल तर फरक भरायला लावतात, नाहीतर थेट विमानात घेत नाहीत.

अमेरिका, ऑस्ट्रेलियातून सुट्टीला आलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय त्यांनी पुणे-दिल्ली प्रवासालाही मूळ परदेशी पासपोर्ट जवळ ठेवावा. तिकडचं ड्रायव्हिंग लायसन्स इथे कामाचं नाही. ग्रीन कार्डवाल्यांकडे भारतीय पासपोर्ट असतोच, त्यांना प्रश्न नाही. पासपोर्ट मामाच्या कपाटात 'सुरक्षित' ठेवून गोव्याला निघायची सवय मात्र सोडावी.

रात्रीच्या विमानाची तारीख

हे ओळखपत्राचं नाही, पण दारात अडवतात तेव्हा कारण हेही असतं. आपल्या बोलण्यात शुक्रवारची रात्र शनिवारी उजाडेपर्यंत चालते; पंचांगाचा वारही सूर्योदयाला बदलतो. तिकिटाचा वार बदलतो रात्री बाराला. १४ तारखेच्या ००:४० चं विमान म्हणजे १३ च्या रात्री जेवून घरातून निघायचं. १४ ला रात्री पोचणाऱ्याला जवान सांगतो की तुमचं विमान कालच गेलं.

काही ठिकाणी कार्डाबरोबर परवानाही

अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर इथे बाहेरच्या राज्यांतल्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन काढता येतं. लक्षद्वीपला, म्हणजे कोचीहून अगत्तीला जाताना, आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. परवान्यावर जे ओळखपत्र लिहिलंय तेच सोबत न्या. नेपाळ-भूतान देशांतर्गत नाहीत, तरी लोक तसं धरून चालतात: तिकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. मधल्या वयाच्या माणसाला आधारवर काठमांडूला जाता येत नाही.

कार्ड घरी राहिलं, किंवा हरवलं

दारात पोचल्यावर लक्षात आलं तर आधी रांगेतून बाजूला व्हा. डिजीलॉकर किंवा एमआधार उघडता येतं का बघा. आधारशी जोडलेला नंबर हातातल्या फोनमध्ये असेल तर हे पाच-सात मिनिटांत होतं. फोनच हरवला असेल तर बरोबरच्या माणसाच्या फोनवर डिजीलॉकर उघडायला जाऊ नका, ओटीपी हरवलेल्या फोनवरच जाणार. मग पर्समधलं काहीही चाचपा: पॅन, जुनं मतदार कार्ड, बँकेचं पासबुक. यादी लांब आहे, त्यातलं एक सापडतं बऱ्याचदा. घर जवळ असेल तर कुणाला तरी कार्ड घेऊन बोलवा, आणि तोवर कंपनीच्या काउंटरवर जाऊन पुढचं विमान आणि त्याचा खर्च विचारून ठेवा. सामान घेणं उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, तेव्हा हिशोब त्या वेळेशी करा, उड्डाणाच्या वेळेशी नाही.

परगावी पाकीट मारलं गेलं तर पोलिसांत तक्रार नोंदवा, पण ती पावती म्हणजे ओळखपत्र नव्हे. तिचा उपयोग पुढे नवीन कार्डं काढताना. हातात एक-दोन दिवस असतील आणि यादीतलं काहीच नसेल तर शेवटची वाट म्हणजे केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या लेटरहेडवर, फोटो लावून दिलेलं ओळख प्रमाणपत्र. महाराष्ट्रात तहसीलदार गट अ मध्ये येतात, नायब तहसीलदार गट ब मध्ये. सही कुणाची घेताय ते कचेरीतच बघून घ्या, आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटलाय ना, तेही.